चाल कुणाची, हात कुणाचा?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, एखादा संगीतकार आपल्याला आवडायला लागतो आणि मग त्याची गाणी आपण शोधून शोधून ऐकतो. ‘बरसात’पासून सुरुवात होते, पुढे ‘आवारा’ येतो, ‘श्री ४२०’ येतो, आणि एक दिवस लक्षात येतं की शंकर-जयकिशन यांची हाताशी येण्यासारखी बहुतेक गाणी आपली ऐकून झाली. आता पुढं काय? अशाच धाटणीचं आणखी कोण आहे? मदनमोहन आवडले, आता त्यांच्यासारखे कोण? हा प्रश्न गाण्याचं वेड असलेल्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा पडतो. मलाही पडला होता. पण त्याचं उत्तर शोधायची रीत मला शिकवली ती एका पुरानं.

२६ जुलै २००५. कल्याणकरांना या तारखेची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. उल्हास नदी, वालधुनी आणि खाडी यांचं पाणी त्या दिवशी एक झालं होतं. आमचं घर वालधुनीच्या बाजूला, तळमजल्यावर. पाणी कमरेएवढं चढलं. माणसं वरच्या मजल्यावर गेली, गॅसची शेगडी गेली, रेशनकार्ड गेलं. पण कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांत वडिलांच्या दीडशे कॅसेटी होत्या, त्या कुणाच्या ध्यानातच आल्या नाहीत.

वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. वीसेक वर्षं त्यांनी रेडिओवरून आणि स्नेह्यांकडच्या तबकड्यांवरून गाणी भरून घेतली होती. प्रत्येक कॅसेटमध्ये एक कार्ड. त्यावर निळ्या शाईत चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार अशी चार नावं, रेल्वेच्या रजिस्टरात असावीत तशी रकाने पाडून लिहिलेली. पाणी ओसरल्यावर आम्ही कपाट उघडलं तेव्हा प्रत्येक कार्डावर फक्त एक निळसर डाग होता.

फीत मात्र शाईइतकी नाजूक नसते. वडिलांनी छोट्या पेचकसानं एकेक कॅसेट उघडली, फीत स्वच्छ पाण्यानं धुतली, सावलीत वाळवली आणि नव्या कोऱ्या डब्यांत पुन्हा गुंडाळली. दीड महिना हे काम चाललं होतं. साधारण नव्वद कॅसेटी वाजायला लागल्या. गाणी परत आली, नावं मात्र आली नाहीत. त्यात एक गंमत अशी की रेडिओवरून गाणी भरून घेताना निवेदक बोलायला लागला की वडील टेपचं बटण दाबून ठेवायचे, फीत वाया जाऊ नये म्हणून. म्हणजे ज्या आवाजात ती चारही नावं होती, तोच त्यांनी वीस वर्षं कापून टाकला होता.

मग दर रविवारी आमच्याकडे एक बैठक बसू लागली. वडील, मी आणि शेजारचे काका. काका भजनी मंडळात ढोलकी वाजवायचे. एक कॅसेट लावायची आणि ओळखायचं. गायक लगेच कळायचा. चित्रपट बहुतेक वेळा आठवायचा. अडायचं ते संगीतकारापाशी. वडिलांचा नियम कडक होता. अंदाजानं कार्डावर नाव लिहायचं नाही. रेडिओवर तेच गाणं पुन्हा लागून नाव कानांनी ऐकलं, किंवा डोंबिवलीच्या एका स्नेह्यांकडे हरमंदिरसिंग ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीतकोश’ होता त्यात डोळ्यांनी पाहिलं, तरच लिहायचं. ते म्हणायचे, “एकाची मेहनत दुसऱ्याच्या नावावर चढवायला नको.”

आमची पहिली मोठी चूक झाली ती एका मुकेशच्या गाण्यात. राज कपूर पडद्यावर, मुकेशचा आवाज, मागं ती चिरपरिचित ढोलकी. तिघांनीही एकमुखानं सांगितलं, शंकर-जयकिशन. गीतकोशात पाहिलं तर चित्रपट ‘परवरिश’, साल १९५८, संगीतकार दत्ताराम.

दत्ताराम वाडकर हे मूळचे गोव्याचे. त्यांची आणि शंकर यांची ओळख व्यायामशाळेतली. पुढं ते शंकर-जयकिशन यांच्या पथकात आले आणि तालाची बाजू सांभाळणारे साहाय्यक झाले. ढोलकीवरचा एक दुडक्या चालीचा ठेका त्यांच्या नावानंच ओळखला जातो, ‘दत्ताराम ठेका’. १९५७ साली राज कपूर यांच्याच संस्थेच्या ‘अब दिल्ली दूर नहीं’पासून त्यांनी स्वतंत्रपणे संगीत द्यायला सुरुवात केली, पण साहाय्यकाचं कामही ते करत राहिले.

हे वाचल्यावर वडील म्हणाले, “म्हणजे दत्तारामनं शंकर-जयकिशनसारखं केलं.” काका काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, “उलटंही असेल की! ज्याला आपण शंकर-जयकिशनचं म्हणतो, त्यातलं काही दत्तारामचंच असेल.”

श्रोतेहो, मला वाटतं, सारख्या शैलीचे संगीतकार शोधण्याची गुरुकिल्ली या एका वाक्यात आहे. गाण्यावर एक नाव असतं, पण गाण्यात अनेक हात असतात. दोन संगीतकारांची गाणी सारखी वाटतात तेव्हा बहुतेक वेळा त्या दोघांमध्ये एखादा हात सामाईक असतो. तो हात शोधला की पुढची वाट आपोआप सापडते.

हा हात ओळखायचा कसा? आम्ही रविवारच्या बैठकीत एक साधी पद्धत बसवली. गाणं तीन वेळा ऐकायचं. पहिल्या वेळी फक्त चाल ऐकायची. शब्द बाजूला ठेवून नुसतं गुणगुणायचं. मुखडा आखूड आहे की लांब, अंतरा वर कसा चढतो आणि मुखड्यावर परत कसा येतो, याकडे लक्ष द्यायचं. दुसऱ्या वेळी फक्त ठेका. मांडीवर बोटं वाजवून पाहायचा. तिसऱ्या वेळी गायक गप्प असतो तेव्हा काय वाजतं ते ऐकायचं. सुरुवातीचा तुकडा, मुखडा आणि अंतरा यांमधले तुकडे, आणि गायक गात असताना त्याच्या मागून हळूच जाणारी व्हायोलिनं. ही तीन कामं पुष्कळदा तीन वेगवेगळ्या माणसांची असतात.

तिसऱ्या कामाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्या माणसांची नावं आपण सर्वांत कमी ऐकलेली असतात. त्याला आपल्याकडे संगीत संयोजक किंवा अरेंजर म्हणतात. संगीतकार पेटीवर चाल बांधतो. ती चाल वीस-तीस, कधी त्याहूनही अधिक वादकांकडून एकत्र वाजवून घ्यायची तर प्रत्येकाला काय वाजवायचं हे लिहून द्यावं लागतं. हे लेखन पाश्चात्त्य पद्धतीच्या स्वरलिपीत होत असे, आणि ती येणारी माणसं मुंबईत मोठ्या संख्येनं होती ती गोव्याची. पोर्तुगीज अमलात गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जाई. ती मुलं मोठी होऊन पोटापाण्यासाठी मुंबईला आली आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरली.

अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलं मोठं नाव. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांचे ते व्हायोलिनचे गुरू. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये नायकाच्या तोंडी जे नाव आपण सगळ्यांनी ऐकलं, ती शिष्यानं गुरूला दिलेली मानवंदना होती. चिक चॉकलेट हे कर्णावादक सी. रामचंद्र यांच्या साथीला होते. १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. आणि सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षं संयोजन केलं, तसंच ओ. पी. नय्यर यांच्यासाठीही केलं.

आता इथंच पाहा. शंकर-जयकिशन आणि नय्यर यांच्या काही गाण्यांतले व्हायोलिनचे तुकडे ऐकताना आपल्याला एकाची दुसऱ्याशी आठवण होते, कारण ते कागदावर उतरवणारा हात एकच. पण चुटकी वाजवायला लागलात की फरक लगेच कळतो. नय्यर यांचा ठेका पंजाबी मातीतला. ‘नया दौर’मधल्या टांग्याच्या गाण्यात घोड्याच्या टापा आणि ठेका वेगळे काढता येत नाहीत. शिवाय नय्यर यांनी लतादीदींचा आवाज कधीच वापरला नाही, त्यामुळे आवाजाचा रंगही वेगळा. म्हणजे वाद्यमेळ सारखा, ठेका निराळा. दत्ताराम आणि शंकर-जयकिशन यांचं मात्र ठेक्यापासूनच जुळतं.

साहाय्यकाच्या वाटेनं गेलं की आणखी किती तरी दारं उघडतात. लक्ष्मीकांत कुडाळकर मेंडोलिन वाजवायचे, प्यारेलाल व्हायोलिन. दोघंही मोठमोठ्या संगीतकारांच्या वाद्यवृंदांत वाजवत होते आणि कल्याणजी-आनंदजी यांचे साहाय्यक होते. १९६३ साली त्यांचा ‘पारसमणी’ आला तेव्हा अनेकांना त्यात शंकर-जयकिशन ऐकू आले. पुढच्याच वर्षी ‘दोस्ती’ आला आणि फिल्मफेअरच्या स्पर्धेत या नवख्या जोडीनं चक्क शंकर-जयकिशन यांच्या ‘संगम’ला मागं टाकलं. त्या ‘दोस्ती’त माउथ ऑर्गन वाजवला होता राहुलदेव बर्मन यांनी. पाहा, एका चित्रपटात किती हात!

अर्थात एका घरात शिकलेली सगळी मुलं सारखी निघतात असं नाही. सचिनदेव बर्मन यांच्याकडे साहाय्यक म्हणून काम केलेले जयदेव आणि एन. दत्ता यांचंच उदाहरण घ्या. जयदेव यांचा ‘हम दोनो’ (१९६१) आणि एन. दत्तांचा ‘धूल का फूल’ (१९५९) एकामागून एक ऐका. दोघांकडेही शब्दाला जागा ठेवण्याची, वाद्यांची गर्दी न करण्याची बर्मनदांची सवय आहे. दोन्ही चित्रपटांत शायरही एकच, साहिर लुधियानवी. पण जयदेव यांची चाल रागाच्या अंगानं वळणं घेत जाते, तर एन. दत्तांची सरळ आणि हलकी असते. सारखेपणा शोधताना फरकही ऐकू यायला लागतो, आणि मला वाटतं, खरा कान तिथं तयार होतो.

एन. दत्तांवरून आठवलं. नावांचा घोटाळा आम्हाला सर्वांत जास्त छळत होता तो या ‘दत्तां’मुळे. एक के. दत्ता, म्हणजे दत्ता कोरगावकर. नूरजहाँच्या ‘बडी माँ’चे (१९४५) संगीतकार. दुसरे दत्ता डावजेकर, ज्यांच्याकडे लतादीदी ‘आप की सेवा में’ या हिंदी चित्रपटासाठी अगदी सुरुवातीच्या काळात गायल्या. तिसरे एन. दत्ता, म्हणजे गोव्याचे दत्ता नाईक. आणि चौथे आपले दत्ताराम. चौघंही आपल्या बाजूचे, चौघांची नावं जवळची, आणि चौघांची वाट वेगळी. एकदा आम्ही ‘साधना’तलं (१९५८) गाणं उत्साहानं दत्तारामच्या नावावर टाकणार होतो. काकांनी हात धरला. म्हणाले, “ढोलकी ऐक. हा तो माणूस नव्हे.” गीतकोश उघडला. ते एन. दत्तांचं होतं.

आता एका फसवणुकीबद्दल सावध करतो. ती म्हणजे राग. आमच्या गावाचंच नाव घेतलेला कल्याण थाट आणि त्यातला यमन. तीव्र मध्यमाचा हा राग आमच्याकडे कुणाला परका नाही. १९२६ पासून चालत आलेला कल्याण गायन समाज गावात आहे. त्यामुळे बैठकीत यमन ओळखू आला की आम्हाला फार आनंद व्हायचा आणि लगेच आम्ही म्हणायचो, हे त्या गाण्यासारखं आहे. पण ‘परवरिश’मधलं दत्तारामचं ते मुकेशचं गाणं यमनच्याच अंगाचं, आणि रोशन यांच्या ‘चित्रलेखा’तलं (१९६४) रफींचं शांत गाणंही त्याच अंगाचं. दोन्ही शेजारी ठेवा. एकात दुःख चालत राहतं, कारण ढोलकी थांबू देत नाही. दुसऱ्यात मन जागच्या जागी बसवलेलं. स्वर एकच, पण हात दोन. राग ही सर्वांची सार्वजनिक विहीर आहे. एका विहिरीचं पाणी भरणाऱ्या दोन घरांतला स्वयंपाक सारखा नसतो.

मराठी चित्रपटात तर ही तुलना फार सोपी जाते, कारण गोष्टीही सारख्या सापडतात. १९६४ सालचा राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आणि त्यावरून १९६६ साली हिंदीत निघालेला ‘मेरा साया’. पहिल्याचे संगीतकार दत्ता डावजेकर, दुसऱ्याचे मदनमोहन. दोन्हीकडे गरज एकच: गेलेल्या बायकोचा आवाज नवऱ्याला, आणि आपल्यालाही, हाक मारतो आहे असं वाटलं पाहिजे. डावजेकरांनी ते मराठी भावगीताच्या वळणानं केलं. शब्द पुढं, सूर त्याच्या पाठीशी. मदनमोहन यांनी ते गझलेच्या वळणानं केलं. सूर लांबवला, मींड घेतली, शब्द त्यावर तरंगत ठेवला. संगीतकाराची शैली म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगायचं असेल तर मी या दोन चित्रपटांची गाणी लागोपाठ लावतो. व्याख्यान द्यावं लागत नाही.

साहाय्यकाची वाट मराठीतही आहेच. वसंत पवार यांची ‘सांगत्ये ऐका’तली (१९५९) लावणी ज्यांना आवडते, त्यांनी राम कदम यांच्या ‘पिंजरा’कडे (१९७२) यावं. राम कदम हे वसंत पवारांकडे साहाय्यक होते. ढोलकीचा तोडा कुठं सोडायचा, तुणतुणं कुठं आणायचं, बाईच्या आवाजाला कुठं मोकळं सोडायचं, हे एका हातातून दुसऱ्या हातात आलेलं स्पष्ट ऐकू येतं. कधी सारखेपणा कवीमुळेही येतो. ठाण्याचे जनकवी पी. सावळाराम यांच्या ओळीची घडणच अशी होती की तिची चाल घरातल्या बाईच्या ओठांवर सहज बसावी. ‘कन्यादान’मध्ये (१९६०) वसंत प्रभू यांच्या सुरांत ते ऐकता येतं. तिथं संगीतकाराचा हात कुठं संपतो आणि कवीचा कुठं सुरू होतो, हे सांगणं कठीण आहे.

आणि एक उदाहरण तर मुद्दाम नाव लपवल्याचं. भालजी पेंढारकरांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ या चित्रपटांना संगीत देणारे आनंदघन कोण, हे बराच काळ लोकांना ठाऊक नव्हतं. ‘साधी माणसं’साठी उत्कृष्ट संगीताचा राज्य पुरस्कार जाहीर झाला, त्या समारंभात उलगडा झाला की आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. आज ती गाणी ऐकताना वाटतं, हे ओळखू कसं आलं नाही? गाणाऱ्या गळ्याला कुठं श्वास घ्यावा लागतो, हे पक्कं माहीत असलेल्या माणसानं बांधलेल्या चाली आहेत त्या. नाव कळल्यावर ऐकणं सोपं असतं. नाव न कळता ऐकणं ही परीक्षा.

उलट प्रकारही झालेला आहे. १९४९ साली ‘महल’च्या गाण्याची तबकडी आली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नावच नव्हतं, पात्राचं नाव होतं, ‘कामिनी’. रेडिओवर गाणं लागलं आणि ही गाते कोण, असं विचारणारी पत्रं श्रोत्यांनी पाठवली. श्रोत्यांनी विचारलं म्हणून नाव पुढं आलं. ते गाणं बांधणारे खेमचंद प्रकाश मात्र लोकांच्या तोंडी तेवढे राहिले नाहीत, आणि त्यांचे साहाय्यक असलेले नौशाद पुढं कीर्तीच्या शिखरावर गेले.

नौशाद यांचेही एक साहाय्यक होते, गुलाम मोहम्मद. त्यांची गोष्ट सांगतो, कारण ती ऐकल्यावर वडिलांनी त्या दिवशी दुसरी कॅसेट लावली नाही. गुलाम मोहम्मद तालाचे जाणकार. नौशाद यांच्या अनेक चित्रपटांत त्यांनी मदत केली. ‘मिर्झा गालिब’ला (१९५४) त्यांनी स्वतंत्रपणे दिलेलं संगीत गाजलं, राष्ट्रीय सन्मानही मिळाला, पण कामाचा ओघ टिकला नाही. त्यांनी चाली बांधलेला ‘पाकीजा’ वर्षानुवर्षं रखडला. १९६८ साली ते गेले. चित्रपट लागला १९७२ मध्ये. पार्श्वसंगीत नौशाद यांनी पूर्ण केलं. गाणी देशभर वाजली, पण त्या वर्षीचा फिल्मफेअरचा संगीताचा पुरस्कार गेला ‘बेईमान’ला, म्हणजे शंकर-जयकिशन यांना. त्याच ‘बेईमान’मधल्या भूमिकेसाठी प्राण यांना पुरस्कार मिळाला होता. गुलाम मोहम्मद यांना डावललं म्हणून प्राण यांनी आपला पुरस्कार नाकारला.

वडील शंकर-जयकिशन यांचे निस्सीम चाहते. ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, “‘पाकीजा’चं कार्ड आण.” त्यावर चारच नावं लिहायची जागा होती. त्यांनी समासात पाचवी ओळ लिहिली, ‘पार्श्वसंगीत: नौशाद’. तेव्हापासून आमच्या कार्डांवर पाचवा रकाना आला. साहाय्यक, संयोजक, वादक, जे खात्रीनं कळेल ते तिथं लिहायचं. बहुतेक कार्डांवर तो रकाना आजही रिकामा आहे.

आज मोबाइलवर एक गाणं लावलं की ‘त्यासारखी’ पुढची दहा गाणी आपोआप येतात. सोय चांगलीच आहे, मीही वापरतो. पण ते यंत्र मुख्यतः काय बघतं? हे गाणं ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकलं, गायक कोण, काळ कोणता, लय किती. त्यामुळे मुकेशनंतर मुकेश येतो, किशोरनंतर किशोर येतो. ‘आवारा’वरून दत्तारामकडे नेणारी वाट यंत्राला क्वचितच सापडते, कारण ती वाट ढोलकीच्या बोलांतून जाते, आणि ढोलकी कुणाची हे कुठं लिहिलेलंच नसतं. तेव्हा यंत्राला आपली कामं करू द्या. आपण एवढंच करायचं: आवडत्या संगीतकाराचे साहाय्यक कोण होते आणि तो स्वतः कुणाचा साहाय्यक होता, हे शोधायचं. त्याचा संयोजक कोण, त्यानं आणखी कुणासाठी काम केलं, ते पाहायचं. त्याच्या कवीनं दुसऱ्या कुणाबरोबर गाणी केली, ती ऐकायची. या तीन पायवाटांनी वर्षभर पुरतील इतकी गाणी मिळतात, आणि त्यांतली निम्मी आपण पूर्वी कधी नावानिशी ऐकलेली नसतात.

वडील आता नाहीत. नव्वदपैकी सत्याऐंशी कॅसेटींची कार्डं त्यांनी पूर्ण केली. तीन उरल्या. त्यांतल्या एकीत एक अगदी गोड गाणं आहे, सुरुवात तुटलेली, आवाज पाण्यानं थोडा खरखरलेला. काका आजही ते ऐकून छातीठोकपणे सांगतात, ढोलकी दत्तारामचीच. मीही मनातून तेच म्हणतो. पण कार्डावर वडिलांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: ‘ठेका ओळखीचा. नाव ऐकल्यावर शाईनं लिहावे.’

म्हणून, श्रोतेहो, रेडिओवर गाणं लागण्याआधी निवेदक चित्रपटाचं, गायकाचं, गीतकाराचं आणि संगीतकाराचं नाव सांगतो, तेवढे दहा सेकंद आवाज कमी करू नका. आमच्या घरी आता त्या वेळी कुणी बोलत नाही. ते तुटकं गाणं केव्हा लागेल सांगता येत नाही, आणि पेन कपाटावरच ठेवलेलं आहे.